इंग्लंडमध्ये रिकाम्या पॅरिशला व्हिकर कसा मिळतो : पद्धतीचं परीक्षण

व्हिकर म्हणजे पॅरिशचा, चर्चच्या स्थानिक हद्दीचा, प्रमुख पाळक. तो निवृत्त झाला की चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बिशप सरसकट आपल्या मर्जीने माणूस पाठवू शकत नाही. नाव पुढे करण्याचा हक्क ज्याच्याकडे असतो, तो पेट्रन. पेट्रन कुठे बिशप स्वतः असतो, कुठे राजसत्ता, कुठे ऑक्सफर्ड-केंब्रिजचं एखादं कॉलेज, तर कुठे जुनं जमीनदार घराणं. ऐकायला हे सरंजामी वाटतं, पण १९८६ च्या पेट्रनेज कायद्याने हा हक्क विकायला बंदी घातली आणि पॅरिशच्या हाती खरा अधिकार दिला. आपल्याकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये (सीएनआय) बिशप पाळकांच्या बदल्या करतो, त्यामानाने इंग्लंडमध्ये मंडळीचा, म्हणजे स्थानिक सभासदांचा, शब्द बराच वजनदार आहे.

हे वजन येतं दोन प्रतिनिधींमुळे. पॅरिशचं चर्च कौन्सिल, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी समिती, पाळक नसलेले दोघे निवडते. ही निवड ज्या बैठकीत होते, तिथे पद सोडून जाणारा व्हिकर, त्याची पत्नी किंवा पती, आणि पेट्रन यांना बसता येत नाही. ही अट फार शहाणपणाची आहे, नाहीतर जाणाराच आपला वारस ठरवून जाईल. दोघांपैकी एकाने जरी लेखी कारणं देऊन नकार दिला, तरी नेमणूक अडते. पेट्रनला मग आर्चबिशपकडे दाद मागता येते. मात्र मुदतीत उत्तर दिलं नाही तर होकारच धरला जातो, म्हणून गावाला जाताना पत्रव्यवहाराची सोय लावूनच जावं.

त्याच बैठकीत पॅरिशचं निवेदन, म्हणजे पॅरिशची स्थिती आणि गरजा सांगणारं पत्रक, ठरतं, आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुतते. ‘प्रेमळ, उत्साही मंडळी’ असं लिहून उमेदवाराला काहीच कळत नाही. रविवारची सरासरी हजेरी, उपासनेची धाटणी, डायोसिसला (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाला) द्यायची वर्गणी, त्यातली थकबाकी, गळकं छप्पर, व्हिकरेजच्या (व्हिकरच्या घराच्या) खोल्या, जवळची शाळा, सगळं आकड्यांनिशी लिहावं. छपराचा खर्च लपवला तर तो मुलाखतीला आलेल्या माणसाला मान वर केली की दिसतोच.

वेळेच्या बाबतीत मात्र ही पद्धत निराश करते. निवड झाल्यावरही नव्या माणसाला जुन्या जागी साधारण ३ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तोवर कारभार चर्चवॉर्डन (पॅरिशने निवडलेले, पाळक नसलेले पदाधिकारी) आणि एरिया डीन (आसपासच्या पॅरिशेसवर लक्ष ठेवणारा पाळक) ओढतात. प्रार्थना चालवायला रीडर, म्हणजे परवाना असलेला पण पाळक नसलेला माणूस, चालतो, प्रभुभोजनाला प्रीस्टच लागतो. तेव्हा आसपासच्या निवृत्त पाळकांची यादी पहिल्याच आठवड्यात करावी.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे स्थगिती. पॅरिशेस जोडायचा विचार असेल तर बिशप सल्लामसलत करून पेट्रनचा हक्क ५ वर्षांपर्यंत थांबवू शकतो, आणि ती मुदत वाढवताही येते. मग येतो तो प्रीस्ट-इन-चार्ज, म्हणजे बिशपने नेमलेला प्रभारी पाळक, आणि त्याच्या नेमणुकीत प्रतिनिधींना नकाराधिकार उरत नाही. सल्लामसलतीचं पत्र आलं की कौन्सिलने आपली हरकत लेखी आणि मुद्देसूद नोंदवावी. नंतर तक्रार करून काही हाती लागत नाही.