पात्राचं बोलणं लेखात कसं घ्यावं: ‘की’, अवतरण की वेगळा परिच्छेद?

समजा, एका कथेत सून म्हणते, “मी चुकले नाही.” तुमचा समीक्षालेख या एका वाक्यावर उभा आहे. ते लेखात आणायचे मार्ग तीन: ‘की’ लावून सांगणं, दुहेरी अवतरणचिन्हांत घेणं किंवा उतारा वेगळा काढणं.

सगळ्यात सोपा वाटतो आणि फसवतो तो ‘की’. अप्रत्यक्ष कथनात इंग्रजी सर्वनाम बदलते, मराठी बहुधा बदलत नाही. ‘सून म्हणते की मी चुकले नाही’ यातली ‘मी’ कोण, हे संदर्भावरूनच ओळखायचं. त्यात लेखिका स्वतःही अधूनमधून ‘मी’ म्हणून बोलत असेल तर पंचाईतच. शिवाय शब्द सुनेचे जसेच्या तसे आहेत की तुम्ही मथितार्थ सांगताय, याचाही पत्ता लागत नाही. कथानक भराभर सांगायला ‘की’ उत्तम. पण पुढे ज्या शब्दांवर भाष्य करायचंय, ते त्याच्या हवाली करू नका.

अशा ठिकाणी मी अवतरणचिन्हंच निवडेन, आणि तीही दुहेरी. एकेरी चिन्हं कथेचं नाव, संज्ञा, एखादा खास शब्द यांच्यासाठी आधीच लागतात. संवादालाही तीच दिली तर वाचकाला फरक कळत नाही. निवेदन आणि बोलणं एकत्र उचललंत, तर मात्र आतलं बोलणं एकेरीत जातं: “ती उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, ‘मी चुकले नाही.’” नुसतं बोलणं घेतलं तर चिन्हांच्या आत पुन्हा चिन्हं घालायची गरज नाही, दुहेरी पुरतात.

प्रश्नचिन्ह ज्याचं, त्याच्या बाजूला. सासूचा प्रश्न असेल तर आत: “कुठे निघालीस?” असं सासू विचारते. प्रश्न तुमचा असेल तर बाहेर: “मी चुकले नाही” हे ती कुणाला ऐकवते? स्वल्पविरामाबाबत मतभेद आहेत. “मी चुकले नाही,” असं ती म्हणते, ही पद्धत कथा-बातम्यांत रुळलेली आहे. समीक्षेत मी तो गाळते, कारण मूळ वाक्यात तो नसतो आणि ‘असं’ जोडणीचं काम करतंच. तुमच्या संपादकांना तो हवा असेल तर ठेवा, फक्त लेखभर एकच रीत पाळा.

वेगळा परिच्छेद कधी? दोन पात्रांची जुगलबंदी असेल, किंवा उतारा चार-पाच ओळींच्या पुढे जात असेल तेव्हा. समास सोडून उतारा आत घ्या, बाहेरून अवतरणचिन्हं नकोत. मूळ संवादाची चिन्हं मात्र छापील पुस्तकात असतील तशीच ठेवा. नाटकातला उतारा असेल तर पात्राचं नाव, अपूर्णविराम, मग वाक्य. एका ओळीच्या बोलण्यासाठी मात्र हा थाट करू नये. उतारा डोळ्यांत भरतो आणि त्याखाली भाष्य दोनच ओळींचं असेल तर लेख भरताड वाटतो.

टिंबांचा घोळ अवतरणातही होतो आणि उताऱ्यातही. पात्र अडखळतंय म्हणून मूळ लेखकाने तीन टिंबं दिलेली असतात, आणि मधला मजकूर गाळला म्हणून तुम्हीही तीच देता. तुमची टिंबं चौकोनी कंसात घाला: “मी [...] चुकले नाही.” नाहीतर ठाम बोलणारी सून वाचकाला चाचरताना दिसेल.