कुत्र्यासाठी लीश घरी विणायचीय? पॅराकॉर्ड, सुती दोरी की पीपी

दोरीचा रंग नंतर बघा, आधी दोन गोष्टी ठरवा: तुमचं कुत्रं ओढतं का, आणि ते पावसातही रोज बाहेर जातं का. सगळा निर्णय यावरच आहे. विणणं तसं अवघड नाही, ज्याला वेणी घालता येते त्याला हेही जमतं. खरा गोंधळ होतो तो दोरी निवडताना.

पॅराकॉर्ड मूळची पॅराशूटची दोरी, नायलॉनची, साधारण ४ मिमी जाड. बाहेर विणलेली खोळ आणि आत ७ ते ९ बारीक दोरे. ती ‘५५० पॅराकॉर्ड’ म्हणून मिळते, त्यातला ५५० हा आकडा पाउंडांचा आहे, म्हणजे एक दोरी जवळपास २५० किलोला तुटते. पण हा आकडा सरळ ताणलेल्या दोरीचा, गाठ मारली की ताकद बरीच कमी होते, कधीकधी निम्मीच उरते, तरी चार पेड एकत्र विणले की मोठ्या लॅब्राडोरलाही पुरून उरते. मला नायलॉन आवडतं ते ताकदीपेक्षा त्याच्या ताणामुळे. कुत्र्याने मांजर बघून एकदम झेप घेतली की दोरी जराशी लांबते, त्यामुळे त्याच्या मानेला आणि तुमच्या खांद्याला हिसका कमी बसतो. एकच सावधगिरी, पॅराकॉर्ड म्हणून भलतंच काहीही विकतात. टोक कापून आतले दोरे मोजा, आत नुसता कापसासारखा भराव निघाला तर ती शोभेची दोरी आहे, लीशसाठी घेऊ नका.

सुती दोरी हाताला सगळ्यात छान लागते, यात वादच नाही. तळहाताला काचत नाही, आणि म्हातारं किंवा शांत कुत्रं असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. पण पुण्या-मुंबईचा जुलै आठवा. सुती लीश एकदा भिजली की जड होते, दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मग तो कुबट वास येतो तो धुऊनही जात नाही. ओलाव्याने सूत हळूहळू कुजतंही. कोकणात राहणाऱ्यांनी ही फक्त हिवाळा-उन्हाळ्यासाठी ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मॅक्रमेची, म्हणजे गाठी मारून शोभेच्या वस्तू करतात त्या कामाची, ती एकपदरी, विंचरून झालर करता येते ती दोरी अजिबात नको, ती भिंतीवर टांगायच्या वस्तूंसाठी असते. पीळ घातलेली तीनपदरी किंवा विणलेली, ५-६ मिमीची घ्या.

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ती निळी-पिवळी दोरी जिच्यावर आपण कपडे वाळत घालतो. स्वस्त, हलकी, पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगते, म्हणून समुद्रात किंवा नदीत पोहणाऱ्या कुत्र्यासाठी चांगली. पण गुळगुळीत असल्याने गाठी सैल होतात, आणि बाल्कनीत उन्हात टांगून ठेवली की काही महिन्यांत तंतू तुटून कुसळं निघायला लागतात, ती हाताला टोचतात. रोजच्या फिरण्यासाठी मी घेणार नाही.

सुतळी विचारातही घेऊ नका.

आता विणकाम. बरेच जण व्हिडिओ बघून कोब्रा विणीला, म्हणजे मधल्या दोन पेडांभोवती बाहेरून गाठी मारत जायच्या विणीला, हात घालतात कारण दिसायला भारदस्त असते. तिचा हिशोब ऐका: १ इंच विणायला साधारण १ फूट दोरी लागते, म्हणजे ५ फुटी लीशला ६० फूट, शिवाय मधले दोन पेड वेगळे. आणि एवढं करून सगळा ताण त्या मधल्या दोन पेडांवरच, बाहेरच्या गाठी नुसतं आवरण. जड होते, कडक होते, भिजली की आतून वाळतच नाही. कोब्रा फक्त मुठीपुरती ठेवा, तिथे जाडी हवीच असते.

लीशसाठी चार पेडी गोफच. सुमारे १५-१५ फुटांच्या दोन दोऱ्या घ्या, दोन रंगांच्या घेतल्या तर कुठला पेड कुठे गेला ते कळतं, आणि हुकाच्या कडीत मधोमध दुमडून अडकवा, झाले चार पेड. उजवीकडचा कडेचा पेड मागून दोन पेडांपलीकडे न्यायचा आणि एकावरून परत उजवीकडे आणायचा, मग डावीकडून तसंच. चारही पेड ताण सारखा वाटून घेतात, मुठीत गोल बसतो, आणि ५ फुटांची लीश करून मुठीपुरती दोरी उरते. साधी तीन पेडी वेणीही चालते, पण ती चपटी होते. मुठीची टोकं दाभणाने विणीत उलटी ओवा. नायलॉन असेल तर लायटरने वितळवून टोक दाबा. सुती वितळत नाही, तिला जाड दोऱ्याने घट्ट गुंडाळून शिवावं लागतं.

एवढी मेहनत करून हूक मात्र स्वस्त मिश्रधातूचा लावतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. विणलेल्या लीशमध्ये दोरीआधी बहुतेक वेळा हूकच दगा देतो, आणि रस्त्यावर ते परवडणारं नाही. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा, फिरणाऱ्या कडीचा घ्या, कडी फिरली नाही तर गोफाला पीळ पडतो. बेंदूर-पोळ्याच्या आधी कासरे-म्होरक्यांची दुकानं लागतात तिथेही बघा, जनावरांसाठीचे मजबूत हूक मिळू शकतात.

तर ओढणारं, तरुण कुत्रं असेल, गावठी असो की जातीचं, पॅराकॉर्डचा चार पेडी गोफ. शांत कुत्रं आणि कोरडी हवा असेल तर सुती. दात येणारं, दिसेल ते चावणारं पिल्लू असेल तर सध्या यातलं काहीच विणू नका, कारण पोटात गेलेला लांब दोरा आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशनची वेळ येते. त्याची चावायची सवय सुटेपर्यंत साधा पट्टीचा लीश वापरा आणि घरी आल्यावर तो लगेच उंच खुंटीला अडकवा.