आधी मुद्दे की आधी मसुदा? निबंधाची मांडणी शिकवण्याच्या दोन पद्धती

आठवी-नववीच्या मुलांना माहितीपर निबंधाची मांडणी शिकवायची, तर शिक्षकापुढे प्रामुख्याने दोन वाटा असतात. एकीत फळ्यावर मुद्दे काढून, त्यांचा क्रम ठरवून मगच लेखनाला हात घालायचा. दुसरीत मुलांना सुचेल तसे लिहू द्यायचे आणि त्या कच्च्या मसुद्यातून त्यांनाच मांडणी शोधायला लावायची. तयार निबंध पाठ करवून घेण्याची तिसरी वाट मुंबईत क्लासच्या कृपेने चांगलीच रुळलेली आहे; तथापि तिने पाठांतर सुधारते, मांडणी नव्हे, म्हणून ती येथे विचारात घेतलेली नाही.

दोन्ही पद्धती एकाच विषयावर लावून पाहाव्यात. ‘मुंबईत पावसाळ्यात पाणी का तुंबते’ हा विषय दादर-परळच्या मुलांना समजावून द्यावा लागत नाही. तिथल्या सखल हिंदमाता चौकातले गुडघाभर पाणी त्यांनी तुडवलेले असते.

पहिल्या पद्धतीत पाऊस, भरती, सखल जमीन, जुन्या वाहिन्या आणि कचरा असे पाच मुद्दे फळ्यावर पाच मिनिटांत जमतात. कोऱ्या पानासमोर ज्याला पहिले वाक्यच सुचत नाही, त्या मुलाला हा मोठा आधार असतो, आणि काम एका तासात आटोपत असल्याने शिक्षकालाही सोयीचे जाते. दोष दिसतो तो वह्या वाचताना. ‘दुसरे कारण म्हणजे’, ‘तिसरे कारण म्हणजे’ अशी रांग लागते आणि कचऱ्याला व भरतीला सारख्याच आठ ओळी मिळतात. वस्तुतः ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. ब्रिटिशकालीन पर्जन्यजलवाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला सुमारे 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेल्या होत्या. शहराची बरीचशी जमीन भराव टाकून तयार केलेली आणि सखल असल्याने मोठ्या भरतीच्या वेळी वाहिन्यांच्या मुखांतून पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. अशा वेळी जोराचा पाऊस आला की पाणी रस्त्यावर साचते. कचरा ही अडचण वाढवतो, एकटा ती निर्माण करत नाही. हे नाते मुद्द्यांच्या यादीत दिसत नाही, त्यामुळे निबंध नीटनेटका होऊनही काही उलगडत नाही.

दुसऱ्या पद्धतीतला पहिला मसुदा हमखास विस्कळीत असतो. बहुतेक मुले घरी ऐकलेल्या 26 जुलै 2005 च्या आठवणींनी सुरुवात करतात, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाल्याचे लिहितात आणि मग भरकटतात. त्यानंतर प्रत्येक परिच्छेद नेमके काय सांगतो, ते समासात एका वाक्यात लिहायला लावायचे. दोन परिच्छेदांसमोर तेच वाक्य आले तर ते एकत्र करायचे, एकासमोर दोन वाक्ये लागली तर तो तोडायचा, आणि ज्यासमोर वाक्यच लिहिता येत नाही तो काढून टाकायचा. सुरुवातीला केवळ थरारासाठी आलेला 944 चा आकडा या खटपटीत वाहिन्यांच्या 25 मिलिमीटरच्या शेजारी जाऊन बसला, की निबंधाला कणा येतो. तो आकडा हलवण्याचा निर्णय मुलाने स्वतः घेतलेला असतो, ही या पद्धतीची खरी कमाई.

तिची किंमतही मोठी आहे. किमान तीन तास जातात, पन्नास वह्या दोनदा तपासाव्या लागतात (घरच्या डायनिंग टेबलाचे पुढे काय होते, ते शिक्षकांना सांगायला नको), आणि लिहिलेले खोडायला सांगितले की कच्ची मुले खट्टू होतात.

म्हणून निवड वर्ग कुठे अडतो यावर करावी. लिहायलाच न धजणाऱ्या मुलांसाठी पहिले सत्र मुद्द्यांचे ठेवावे. पानेच्या पाने लिहून गोंधळ घालणाऱ्यांना फळ्यावरचे मुद्दे फारसे उपयोगी पडत नाहीत, त्यांना मसुदाच हवा. माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे, निदान वर्षातून दोन निबंधांपुरता. तेवढाही वेळ नसेल, तर मुद्दे फळ्याऐवजी चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत आणि शेजारच्या दोन चिठ्ठ्या ‘त्यामुळे’, ‘तरीही’ किंवा ‘याउलट’ यांपैकी एका शब्दाने जोडायला सांगावे. जिथे ‘तसेच’ सोडून दुसरा शब्द बसत नाही, तिथे मुलाने अजून विचार केलेला नाही असे समजावे. परीक्षेत दुसऱ्या मसुद्याला सवड नसते, पण उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने चार शब्द आणि त्यांच्यामधले बाण काढायला दोन मिनिटे पुरतात.