इंगलबी बारविक: घर स्वस्त, पण गाडीशिवाय पान हलत नाही

ईशान्य इंग्लंडमधल्या टीसाइड भागातल्या या वस्तीत आम्हाला तीन वर्षं झाली. लंडनजवळच्या रीडिंग शहरात दोन खोल्यांचं जेवढं भाडं जायचं, त्याहून कमी हप्त्यात इथं तीन बेडरूम, गॅरेज आणि मागे अंगण. कढीपत्ता मात्र दर जानेवारीत मान टाकतो.

टीस आणि लेव्हन नद्यांच्या बेचक्यात, शेतांवर वसवलेली ही घरं. जिकडे वळावं तिकडे गल्ली पुढे बंद. मैत्रिणीचं स्वयंपाकघर माझ्या खिडकीतून दिसतं, पण गाडीने जायचं तर भलामोठा वळसा! स्टेशनही वस्तीत नाही. यार्म नाहीतर थॉर्नबी गाठायचं.

भारतीय लायसन्स इथं 12 महिनेच चालतं. मी परीक्षा टाळत राहिले आणि तेराव्या महिन्यात पस्तावले. मिडल्सब्रोहून दहा किलो आटा घेऊन स्टॉपवर उभी. ॲपवर 'दोन मिनिटं' दाखवणारी बस आलीच नाही. पावसात पिशवीचा तळ सुटला, घरी पोचेस्तोवर कोटाच्या बाहीवर कणीक तयार!

दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. वस्तीला माझे पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा रोझबेरी टॉपिंगचा. आभाळ निवळलं की तो डोंगर थेट दिसतो आणि मला चांदवड आठवतं.