अंतिम सामना आणि सुरमईची थाळी

मालवण जेटीजवळच्या या खानावळीने ४ मे २०२४ रोजी आयएसएल (इंडियन सुपर लीग) या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना मोठ्या पडद्यावर दाखवला आणि मुंबई सिटीने कोलकात्यात, मोहन बागानच्याच अंगणात, ०-१ अशा पिछाडीवरून ३-१ असा विजय मिळवला. रवा लावून तळलेली सुरमई वरून कुरकुरीत, आतून मऊ होती. पेरेरा दियासने बरोबरी साधली तेव्हा मात्र तुकडी ताटातच राहिली. सोलकढी पातळच. पुढे दियास आणि मधल्या फळीतला अपुइया मुंबईचा संघ सोडून गेले व पुढच्याच हंगामात बाद फेरीत बंगळुरूकडून ०-५ असा पराभव झाला, त्यामुळे बचावाची डागडुजी झाल्याखेरीज आणखी एका करंडकाची आशा धरणे मला धाडसाचे वाटते. सामन्याच्या रात्री येथे जायचे असल्यास पडद्यासमोरचे टेबल आधीच सांगून ठेवावे.