मॅप कॉन्टेस्टचं मतदान इच डॉट आयओवर घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आमच्या गेमिंग ग्रुपमध्ये दर काही महिन्यांनी मॅप (म्हणजे गेममध्ये खेळायची जागा) बनवायची कॉन्टेस्ट असते आणि ती चालवायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या 2 वेळा मतदान इच डॉट आयओ या गेम्सच्या साइटच्या जॅम सिस्टिमवर (जॅम म्हणजे तिथे भरवायची स्पर्धा) घेतलं, आधी का नाही घेतलं असं झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांना स्वतःच्या ग्रुपमध्ये मॅप, मॉड (गेममध्ये केलेले बदल), स्किन (पात्राचं रूप) कशाचीही स्पर्धा घ्यायचीय त्यांनी वाचा.

आधी काय करायचो ते सांगतो. एका चॅट ॲपवर सगळ्या मॅप्सची यादी टाकायची, खाली इमोजी, ज्याला जो आवडला त्याने त्यावर टॅप करायचं. सोप्पं वाटतं ना? पण यादीत जो वर त्याला मतं जास्त, हे प्रत्येक वेळी दिसायचं, आणि आकडे सगळ्यांसमोर वाढत असल्याने जो पुढे तो अजूनच पुढे जायचा. एकदा तर एका मॅपला मतं पडली 64 आणि फाइल डाउनलोड झालेली फक्त 19 वेळा. म्हणजे 45 जणांनी तरी मॅप उघडलाही नव्हता, मित्राने लिंक पाठवली म्हणून येऊन टॅप करून गेले. बनवणाऱ्याची काही चूक नाही, मॅप चांगलाच होता. पण त्याच स्पर्धेत एका नवीन मुलाने पाण्याखालच्या मंदिराचा मॅप केला होता, त्यात घंटा वाजवली की पाण्याची पातळी खाली जाते आणि तळाशी दुसरा दरवाजा दिसतो, इतकं सुंदर काम, आणि मतं 3. तो मुलगा परत कधी स्पर्धेत आलाच नाही. ते मला अजून लागतं.

आता इच डॉट आयओ. 2013 पासूनची साइट आहे, छोटे गेम बनवणाऱ्यांची, जॅम होस्ट करायला पैसे लागत नाहीत. जॅम बनवताना रँकिंग चालू करायचं, निकष आपण ठरवायचे (आम्ही ठेवले कल्पना, खेळायला मजा, दिसणं), प्रत्येक निकषाला 1 ते 5 स्टार. लॉगिन असल्याशिवाय रेटिंग देता येत नाही, स्वतःच्या एन्ट्रीला देता येत नाही, आणि स्कोअर मतदान संपेपर्यंत दिसत नाही. या शेवटच्या एका गोष्टीने आमचे अर्धे वाद मिटले, कारण पुढे कोण आहे हेच माहीत नसलं की जो तो आपल्या मनाने स्टार देतो.

पण खरी कमाल निकाल काढण्याच्या पद्धतीत आहे आणि ती लोकांना नीट समजावून सांगावी लागते नाहीतर बोंबाबोंब होते. सगळ्या एन्ट्रीजना किती किती रेटिंग्स मिळाली ते चढत्या क्रमाने लावायचं, मधोमध जो आकडा येतो तो मीडियन. ज्याची रेटिंग्स मीडियनइतकी किंवा जास्त त्याची सरासरी जशीच्या तशी. ज्याची कमी, त्याच्या रेटिंग्सच्या संख्येला मीडियनने भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने सरासरीला गुणायचं. समजा मीडियन 20 आहे आणि एखाद्याला 5 मित्रांनीच रेटिंग दिलं, सरासरी 4.8. तर 5 भागिले 20, वर्गमूळ अर्धं, स्कोअर झाला 2.4. ज्याला 30 जणांनी खेळून 4.1 दिले त्याचे 4.1 कायम. म्हणजे चार टाळकी जमवून पहिला नंबर काढणं बंद, आणि मीडियनच्या वर कितीही गर्दी आणली तरी त्याचा वेगळा फायदा शून्य.

यात एक बोच आहे ती पण सांगतो. 16 रेटिंग्स आणि सरासरी 4.5 असली तर स्कोअर येतो साधारण 4.02, म्हणजे तो 4.1 वाल्याच्या खाली गेला, फक्त 4 जण कमी आले म्हणून. हे मला पटत नाही, पण याचा इलाज सिस्टिममध्ये शोधायचा नाही, तो आयोजकाने करायचा. कुठल्या एन्ट्रीला किती रेटिंग्स आली हा आकडा दिसतो, तर मी रोज रात्री तो बघायचो आणि मागे पडलेल्या मॅप्सची नावं ग्रुपवर टाकायचो, "हे 5 अजून खेळायचे राहिलेत, जरा बघा." सगळ्यांना सारखंच, कुणाचं कौतुक न करता. एवढ्यानेच शेवटच्या आठवड्यात खूप फरक पडला.

मत कोण देणार हे पण होस्टला ठरवता येतं. आम्ही पब्लिक न ठेवता फक्त भाग घेणाऱ्यांना ठेवलं. काही जण म्हणाले स्पर्धकच एकमेकांना मुद्दाम 1 स्टार देतील. देऊ शकतात, खोटं कशाला बोलू. पण हिशोब करून बघा, 4 जणांनी 4 स्टार दिलेत आणि पाचव्याने 1 दिला तर सरासरी 3.4 वर येते, तेच 20 जणांनी 4 दिलेत आणि एकविसाव्याने 1 दिला तर 3.86. जेवढे जास्त लोक खेळतील तेवढा खुनशी मताचा दात बोथट होतो.

जे नाही आवडलं ते: प्रत्येक मॅपसाठी वेगळं प्रोजेक्ट पेज बनवावं लागतं, कव्हर फोटो, माहिती, सगळं, नवीन मुलांना ते कटकटीचं जातं. आणि स्टार देण्याआधी मॅप खेळलाच पाहिजे असं कुलूप काही नाही. आम्ही नियम घातला की रेटिंगसोबत एक ओळ कमेंट लिहायची, मॅपमधली एखादी जागा सांगून. न खेळता ते लिहिता येत नाही.

मत खेळूनच पडावं म्हणून असे नियम घालायचे हे मी आयएफकॉम्प बघून शिकलो. टेक्स्ट ॲडव्हेंचर गेम्सची स्पर्धा, 1995 पासून चालू, तिथे मत मोजलं जायला किमान 5 गेम्सना रेटिंग द्यावं लागतं, एका गेमचा निर्णय पहिल्या 2 तासांच्या खेळावर, आणि प्रत्येक परीक्षकाला यादी वेगळ्या क्रमाने लावून घेता येते म्हणजे वर कोण हा प्रश्नच नाही. लुडम डेअर या गेम बनवायच्या स्पर्धेत पण निकालात नंबर लागायला 20 रेटिंग्स लागतात. उलट 2012 ते 2017 चाललेलं स्टीम ग्रीनलाइट आठवा (स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर कोणते गेम यावेत यासाठी लोकांची मतं घ्यायचे), गेम न खेळता ट्रेलर बघूनच हो-नाही करायचं, आणि मतांच्या बदल्यात फुकट कीज (गेम मिळवायचे कोड) वाटायचे प्रकार झाले.

माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार. दुसऱ्या स्पर्धेत जो मॅप शेवटच्या नंबरावर आला त्याला पण 17 कमेंट्स होत्या, त्यातल्या 6 जणांनी एकाच पुलाबद्दल लिहिलं होतं की उडी पोचत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याने पूल दुरुस्त करून नवीन फाइल टाकली.