ग्लासगो प्रदर्शनाचा फोटोग्रॅव्ह्युअर अल्बम: बेळगावचा पावसाळा काढल्यावर

उन्हाळ्यात ऑनलाइन एका जुन्या पुस्तकवाल्याकडून मागवला होता. १९११ साली ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह पार्कात स्कॉटलंडचा इतिहास, कला आणि उद्योगांचं प्रदर्शन भरलं होतं, त्याची ही चित्रं, फोटोग्रॅव्ह्युअरने, म्हणजे खोदलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली. तिथल्या विद्यापीठात स्कॉटिश इतिहास आणि साहित्याच्या अध्यासनाला पैसा उभा करायचा, हा त्या प्रदर्शनाचा एक हेतू.

छपाईला तोड नाही. ‘पॅलेस ऑफ हिस्टरी’चं पान सराफी भिंगाखाली धरलं, तर वर्तमानपत्री फोटोसारखे रांगेतले ठिपके नाहीत, बारीक रवा दिसतो. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून फेरिक क्लोराइडने तो कमीजास्त खोल खाऊन घेतात. जिथे खोल, तिथे शाई जास्त. म्हणून सावल्या अशा दाट. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची कड बोटाला लागते. कार्ल क्लिचने ही रीत व्हिएन्नात १८७९ च्या सुमारास बसवली, आणि ग्लासगोच्याच जेम्स क्रेग अ‍ॅननने १८८३ मध्ये त्याच्याकडून ती शिकून घेतली.

आता पावसाळ्याचं. शाई जशीच्या तशी, कागदाने मात्र दगा दिला. आमच्या शहापुरातल्या घराला जुलैत भिंतींना ओल येतेच. समासात तांबूस ठिपके उठले, पुठ्ठ्याच्या कडेला कसर लागली, शिवणही सैल झाली. चित्रांवरचा पातळ कागद काढून टाकू नका, त्याच्याखालची चित्रं स्वच्छ राहिली. कपाटात डांबराच्या गोळ्यांपेक्षा सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या, वासही मारत नाहीत.

एक सुटं पान फ्रेमला नेलं, तर फ्रेमवाला म्हणाला, “काका, लॅमिनेशन मारून देतो की, पाणी लागायचं नाही.” नको म्हटलं. मधे जाड माउंट घालून काच चित्रापासून लांब ठेवायला लावली. ते पान हॉलमध्ये, पण बाहेरची भिंत सोडून.

(१९२४ चं काँग्रेस अधिवेशन आपल्या टिळकवाडीत झालं, गांधीजी एकदाच अध्यक्ष झाले ते इथेच. त्याचा असा एखादा अल्बम मिळाला असता, तर दुप्पट मोजले असते.)

किंमत जास्तच आहे, आणि टपाल वेगळं. दुसऱ्या एकाकडून ‘फोटोग्रॅव्ह्युअर’ म्हणून घेतलेली कार्डं भिंगाखाली साधी हाफटोन, म्हणजे वर्तमानपत्री ठिपक्यांच्या छपाईची, निघाली. तेव्हा आधी जवळून काढलेला फोटो मागा. पुढच्या वेळी मी सुट्या पानांचाच संच घेणार, बांधलेला नाही.